अरब ओळखीची चित्ररूप आत्मकथने वाचनगटात कशी वाचावीत

पुस्तक उघडण्यापूर्वी ‘अरब’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी व्यक्ती प्रत्येकाने कागदावर रेखाटावी. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील आमच्या सहा जणांच्या गटात चार कागदांवर पांढऱ्या झग्यातला शेख निघाला, एकावर बंदूकधारी. ज्यांचे धाकटे बंधू मस्कतला नोकरीस आहेत त्यांनी मात्र जाड चष्म्याचा, हातात चहाचा पेला धरलेला साहेब काढला होता.

निवडही जपून करावी. पहिल्या बैठकीला आम्ही ‘पर्सेपोलिस’ घेऊन बसलो आणि अर्ध्या तासाने कोणाच्या तरी लक्षात आले की ते इराणचे आहे, अरबांचे नव्हे. पुस्तक उत्तम आहे, परंतु अरब, मुसलमान आणि इराणी यांना एकाच पोत्यात भरण्याची आपली सवय तेथेच उघडी पडली.

सुरुवातीला लैला अब्देलरझाक यांचे ‘बद्दावी’ (२०१५) घ्यावे. लेबनॉनच्या उत्तरेकडील पॅलेस्टिनी निर्वासित छावणीत गेलेले वडिलांचे बालपण लेकीने काढले असल्यामुळे ते काटेकोर अर्थाने आत्मकथन नाही, हे खरे. मुखपृष्ठावरील पाठमोरा मुलगा पाहून नाजी अल-अली या व्यंगचित्रकाराचा, जगाकडे पाठ करून उभा असलेला ‘हंदाला’ आठवावा, आणि त्या मुलाभोवतीची नक्षी पॅलेस्टिनी भरतकामातली आहे, हे गटाला आधीच सांगून ठेवावे.

त्यानंतर रियाद सत्तुफ यांच्या ‘द अरब ऑफ द फ्यूचर’ या सहा खंडांच्या मालिकेकडे (२०१४ ते २०२२) वळावे. यात त्यांनी स्वतःचेच बालपण काढले आहे: वडील सीरियन, आई फ्रेंच. येथे संवादांचे फुगे पोस्टकार्डाने झाकून आधी नुसती चित्रेच वाचावीत: फ्रान्सची पाने निळी, लिबियाची पिवळी, सीरियाची गुलाबी असल्याने मजकुराआधीच देश बदलल्याचे कळते. मग पोस्टकार्ड काढावे. सोनेरी केसांमुळे सीरियातील खेड्यात या मुलाला ‘यहुदी’ म्हणून हिणवले जाते, तेव्हा पूर्वग्रह एकाच दिशेने वाहत नाही, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या चित्रणामुळे अरबांविषयीचे साचे अधिक घट्ट होतात, अशी टीका फ्रान्समध्येही झाली आहे. म्हणून वडिलांच्या प्रत्येक हास्यास्पद चौकटीपाशी थांबून, हे सहा वर्षांच्या मुलाला दिसले की चाळिशीतल्या चित्रकाराला, हा प्रश्न विचारावा. आमच्यात यावर दोन तट पडले, आणि माझ्या मते तसे पडलेलेच बरे.

तौफिक अल-रसी यांचे ‘अरब इन अमेरिका’ (२००७) त्यामानाने सरळ आहे. ते घरी वाचले तरी चालेल.

एका बैठकीस तीस पाने पुरे होतात. इंग्रजी अनुवादाची एक प्रत दोघांत असेल, तर पान उलटण्याचा अधिकार सावकाश वाचणाऱ्याकडे द्यावा.