‘इरेझरहेड’ मित्रमंडळींसोबत कसा पाहावा आणि त्यावर चर्चा कशी करावी

अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांचा ‘इरेझरहेड’ हा १९७७ सालचा कृष्णधवल चित्रपट अवघ्या ८९ मिनिटांचा आहे, त्यात संवाद फार थोडे आहेत आणि त्याची गोष्ट दोन-चार वाक्यांत सांगता येते. छापखान्यात काम करणारा हेन्री स्पेन्सर नावाचा एक बुजरा माणूस कारखान्यांनी वेढलेल्या वस्तीत एकटा राहतो. मेरी या मैत्रिणीच्या घरी जेवायला गेल्यावर तिला मूल झाल्याचे त्याला कळते. ते मूल माणसाच्या मुलासारखे दिसत नाही. आणि त्याच्या अखंड रडण्याने हैराण होऊन मेरी माहेरी निघून गेली की हेन्री त्या मुलासोबत खोलीत एकटा उरतो. मात्र एवढे सांगूनही चित्रपटाबद्दल जवळजवळ काहीच सांगितले गेलेले नसते. त्याचे खरे बळ गोष्टीत नसून एकामागून एक येणाऱ्या प्रतिमांत आणि सतत घुमत राहणाऱ्या आवाजात आहे. म्हणूनच तो चार जाणत्या, जिज्ञासू माणसांसोबत पाहावा आणि पाहून झाल्यावर त्यावर सावकाश बोलावे, असे मला मनापासून वाटते.

हा चित्रपट नावारूपाला आला तोही असाच. मार्च १९७७ मध्ये लॉस एंजेलिसच्या महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला. त्यानंतर बेन बॅरेनहोल्ट्झ या वितरकाने न्यू यॉर्कच्या ‘सिनेमा व्हिलेज’ या चित्रपटगृहात त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू केले. सुरुवातीला प्रेक्षक मोजकेच होते. पण ज्यांनी पाहिला ते पुन्हा आले आणि येताना कुणाला तरी सोबत घेऊन आले. आपल्याकडे फिल्म सोसायट्यांनी जे काम केले, मुंबईच्या प्रभात चित्र मंडळाने १९६८ पासून जे जपले, त्याच्या मुळाशीही हीच गोष्ट आहे: चित्रपट एकत्र पाहणे आणि पाहिल्यावर लगेच घरी न जाता थांबून बोलणे.

कोणाला बोलवावे आणि आधी काय सांगावे

सहा ते आठ माणसे पुरेशी असतात. त्याहून अधिक झाली तर चर्चेत दोघे-तिघेच बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. सगळे लिंचचे चाहते नसावेत. ज्याने असा चित्रपट कधीच पाहिलेला नाही आणि ज्याला तो आवडण्याची शाश्वती नाही, असा किमान एक जण मंडळीत असावा, कारण सवयीने डोळेझाक झालेल्या गोष्टी त्यालाच दिसतात. एकाने सूत्रधाराची जबाबदारी घ्यावी आणि चित्रपट आधी एकदा पूर्ण पाहून ठेवावा.

निमंत्रण देताना कथानक सांगू नये, पण एक गोष्ट स्पष्टपणे सांगावी. यात आजारी, विद्रूप तान्ह्या मुलाची दृश्ये आहेत आणि शेवटाकडची काही दृश्ये सहन होण्यास कठीण आहेत. ज्यांच्या घरी बाळ येणार आहे, नुकतेच आले आहे किंवा ज्यांनी अलीकडे मूल गमावले आहे, त्यांना हे आधी कळलेच पाहिजे. कुणी नको म्हणाल्यास आग्रह धरू नये. चित्रपट प्रौढांसाठी आहे, त्यामुळे घरातली मुले जवळपास नसतील अशी वेळ निवडावी.

आणखी एक छोटी माहिती आधी दिलेली बरी. हेन्रीच्या खोलीत भिंतीलगत लोखंडी नळ्यांचा जो रेडिएटर आहे, तो थंड देशांत वाफेने खोली उबदार ठेवण्याचे साधन असतो. आपल्याकडे तो घरात नसल्याने, हेन्री त्याच्याकडे इतका टक लावून का बसतो यातला साधा भाग, म्हणजे त्या खोलीत ऊब तेवढी एकाच जागी आहे हे, पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

खोलीची तयारी

या टप्प्यावर बहुतेक मंडळी घाई करतात आणि अर्धा चित्रपट तिथेच हातचा जातो. लिंच आणि ध्वनिसंयोजक ॲलन स्प्लेट यांनी मिळून रचलेला या चित्रपटाचा ध्वनी हे त्याचे दुसरे शरीर आहे. वारा, वाफेची सुसकार, दूरच्या यंत्रांची घरघर आणि विजेचा गुंजारव यांचा थर जवळपास प्रत्येक दृश्याखाली असतो आणि तो जागेनुसार बदलतो. टीव्हीच्या अंगच्या स्पीकरमधून हा खालच्या पट्टीतला आवाज नीट येत नाही. शक्य असेल तर बाहेरचे स्पीकर जोडावेत आणि आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा ठेवावा. छतावरचा पंखा बंद करावा, कारण त्याची घरघर आणि चित्रपटाची घरघर एकमेकांत मिसळली की कुठला आवाज पडद्यावरून येतो आहे हे कळेनासे होते. या कारणासाठी हिवाळ्यातली रात्र सर्वांत चांगली.

चित्राच्या बाबतीत अंधार हवा, आणि तोही पुरता. फ्रेमचा मोठा भाग काळा असतो आणि त्या काळ्यातही छटा असतात. खिडकीतून रस्त्यावरचा दिवा आत आला की त्या पुसल्या जातात. जाड पडदे ओढावेत, चार्जर-राउटरचे लुकलुकणारे दिवे झाकावेत. टीव्हीमधील हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी आणि भडक रंगांची सेटिंग बदलून साधी ‘सिनेमा’ सेटिंग निवडावी. प्रत कोणती यालाही महत्त्व आहे. लिंच यांच्या देखरेखीखाली तयार झालेली नवी डिजिटल आवृत्ती क्रायटेरियन या चित्रपटांच्या निवडक प्रती प्रसिद्ध करणाऱ्या अमेरिकन कंपनीने २०१४ साली प्रसिद्ध केली आहे. तीवरून घेतलेली अधिकृत प्रत मिळवावी. फार दाबलेल्या फाइलमध्ये काळ्या भागाचे चौकोनी तुकडे पडतात आणि हा चित्रपट अशा प्रतीत पाहण्यापेक्षा काही महिने थांबून चांगली प्रत मिळवलेली बरी. बैठक घरापुरती न ठेवता सभागृहात खुला खेळ करायचा असेल, तर प्रदर्शनाचे हक्क घ्यावे लागतात हे विसरू नये.

उपशीर्षके लावायची असतील तर फक्त संवादांची लावावीत. श्रवणदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी केलेल्या उपशीर्षकांत प्रत्येक आवाजाचे वर्णन येते. ती त्या प्रेक्षकांसाठी अत्यावश्यकच आहेत, पण मंडळीत तशी गरज कुणाला नसेल तर ‘वारा वाहतो’ असे वाचल्यावर कान ऐकायचे थांबतात.

जेवण चित्रपटाआधी तासभर तरी उरकावे. मेरीच्या घरच्या जेवणाचे दृश्य पाहिल्यावर हे का सांगितले ते समजेल.

पाहताना

फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवावेत. मध्ये थांबवू नये, मागे नेऊ नये, कुजबुजून एकमेकांना विचारू नये. सुरुवातीलाच हेन्री आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरतो आणि दार बंद होण्याची वाट पाहत उभा राहतो. दार लवकर बंद होत नाही. ही वाट बरीच लांबते. खोलीत कुणीतरी हमखास हालचाल करते, कुणी हसते. हसू आले तर दाबू नये, कारण हा चित्रपट ठिकठिकाणी खरोखरच विनोदी आहे आणि त्यातली भीती त्या विनोदाला चिकटूनच येते. पण प्रत्येक विचित्र गोष्टीवर शेरा मारणारा मित्र असेल तर सूत्रधाराने आधीच त्याला गोडीत समजावून सांगावे.

पहिली फेरी: काय दिसले, काय ऐकू आले

चित्रपट संपल्यावर दिवा लगेच लावू नये आणि कुणी कुणाला ‘कसा वाटला?’ असे विचारू नये. मंद प्रकाशात प्रत्येकाला कागद द्यावा आणि मनात राहिलेल्या तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात. मात्र त्या दिसलेल्या किंवा ऐकलेल्याच असाव्यात. ‘एकटेपणा’ हे उत्तर चालणार नाही. ‘खिडकीबाहेर फक्त विटांची भिंत आहे’ हे चालेल. मग एकेकाने वाचून दाखवावे आणि या फेरीत कुणीही अर्थ सांगू नये.

हा नियम जाचक वाटतो, पण माझ्या मते संपूर्ण बैठक यावरच उभी असते. अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नासारख्या तर्कापलीकडच्या प्रतिमांचा, चित्रपट पाहिला की ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न जिभेवर तयार असतो आणि तो विचारला गेला की लोक पडद्यावर नसलेल्या गोष्टींबद्दल बोलू लागतात. आधी नेमके काय घडले ते सगळ्यांनी मिळून जमवले, तर कळते की आठ जणांनी आठ वेगळ्या गोष्टी पाहिल्या आहेत.

एक दृश्य जवळून पाहू. रात्रभर मुलाच्या रडण्याने झोप उडालेली मेरी चिडून निघून जायला उठते. ती पलंगाच्या पायथ्याशी खाली बसते, तिचा चेहरा गजांपलीकडे दिसतो आणि पलंग हिसक्याहिसक्याने हलू लागतो. हेन्री आडवा पडून पाहत राहतो. कुणाला ती हुंदके देत आहे असे वाटते, कुणाला तिला झटका आला आहे असे वाटते. हे बरेच चालते आणि मग पलंगाखाली अडकलेली सुटकेस एकदाची बाहेर येते. चर्चेत या दृश्यापाशी थांबावे आणि प्रत्येकाला विचारावे: सुटकेस दिसण्यापूर्वी तुला काय वाटत होते, आणि दिसल्यावर तो भाव नाहीसा झाला की तसाच राहिला? इथे प्रत्यक्षात अशक्य असे काहीच घडत नाही. एक साधी घरगुती कृती, तिचे कारण थोडे उशिरा दाखवून, आपल्याला भयानक वाटायला लावली आहे. संपूर्ण चित्रपटाची रीत या एका दृश्यात हाताला लागते आणि ज्यांना ‘यात काही कळलेच नाही’ असे वाटत होते, त्यांनाही आपल्याला बरेच काही कळले होते हे उमगते.

दुसरी फेरी: अर्थाकडे

आता अर्थ लावायला मोकळीक द्यावी. बाप होण्याची धास्ती हे सर्वांत आधी पुढे येणारे स्पष्टीकरण असते आणि ते चुकीचे नाही; पण तेवढ्यावर थांबू नये. कुणी कारखान्यांनी माणसाचे शरीर कसे गिळले याकडे वळेल, कुणी संपूर्ण चित्रपट हेन्रीचे स्वप्न मानेल. प्रत्येक स्पष्टीकरणाला दोन प्रश्न विचारावेत. पहिला: रेडिएटरमध्ये राहणारी, गाल सुजलेली, रंगमंचावर हसतमुखाने नाचणारी आणि गाणारी बाई या स्पष्टीकरणात कुठे बसते? दुसरा: या स्पष्टीकरणात अजिबात न बसणारे दृश्य कोणते? जो आपल्या मताविरुद्धचे दृश्य स्वतःहून सांगतो, त्याच्याशी बोलण्यात सगळ्यांना रस वाटतो.

मत घेऊन निकाल लावू नये. ‘हा सगळा बकवास आहे’ असे म्हणणाऱ्यावर तुटून पडू नये. नेमक्या कोणत्या क्षणी त्याचा धीर सुटला एवढेच विचारावे. त्याचे उत्तर बहुधा उपयोगी असते, कारण तो क्षण दिग्दर्शकाने हेतुपुरस्सर लांबवलेला असण्याची शक्यता मोठी असते. आणि कुणालाही फोनवर ‘शेवटाचा अर्थ’ शोधू देऊ नये. इतरांनी लावलेले अर्थ दुसऱ्या दिवशी वाचता येतील.

निर्मितीची माहिती शेवटी

सूत्रधाराने निर्मितीची माहिती जमवून ठेवावी, पण ती दुसरी फेरी संपल्यावरच सांगावी, कारण लेखक-दिग्दर्शकाच्या आयुष्यातला तपशील कळला की लोक त्यालाच अर्थ समजून समाधान मानतात. लिंच फिलाडेल्फियात चित्रकला शिकत होते, तरुण वयात बाप झाले होते आणि त्या शहरातल्या भीतीचा या चित्रपटावर ठसा आहे, हे खरे आहे. पण त्यांनी स्वतः अर्थ सांगायला कायम नकार दिला. हा आपला सर्वांत आध्यात्मिक चित्रपट आहे असे ते म्हणत. चित्रीकरणाच्या काळात बायबलमधले एक वाक्य वाचून संपूर्ण चित्रपट आपल्याला उलगडला असेही त्यांनी लिहिले आहे, मात्र ते वाक्य कोणते हे त्यांनी सांगितले नाही. ते मूल कसे बनवले हेही त्यांनी जानेवारी २०२५ मधील निधनापर्यंत उघड केले नाही.

एक हकिगत मात्र जरूर सांगावी. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात १९७२ साली सुरू झालेले काम पैशांअभावी वारंवार थांबत गेले आणि वर्षानुवर्षे चालले. हेन्री झालेले जॅक नान्स यांनी त्या सगळ्या काळात ते ताठ उभे केस तसेच राखले. एका ठिकाणी हेन्री दाराच्या मुठीला हात लावतो आणि दारातून आत येतो. या दोन शॉट्समध्ये सुमारे दीड वर्षाचे अंतर आहे. हे सांगून झाल्यावर पहिली वीसेक मिनिटे पुन्हा लावावीत. आता पंखा सुरू असला तरी चालेल, मध्ये थांबून बोलायलाही हरकत नाही. दीड वर्षाची फट कशाने सांधली, प्रकाशाने की त्या सततच्या आवाजाने, हे मंडळी स्वतःच शोधू लागतात.

पुढच्या वेळी

महिन्याभराने कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ घ्यावा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेल्या या दिग्दर्शकाचा हा १९८८ सालचा चित्रपट अजमेरमध्ये घडतो. चित्रपटगृहांत तो रीतसर आला थेट जानेवारी २०१४ मध्ये. तोपर्यंत तो महोत्सवांमुळे आणि हातोहात फिरणाऱ्या प्रतींमुळे टिकला. तिथे अडचण उलटी असते. ज्योतिषी बाप, पुष्कर, रेडिओ, जाहिराती, हिंदी गाण्यांची मोडतोड हे सारे आपल्या ओळखीचे असल्याने प्रत्येक जण संदर्भ ओळखण्यातच रमतो आणि चित्र पाहायचे राहून जाते. म्हणून त्या बैठकीत पहिल्या फेरीचा नियम थोडा बदलावा: ओळखलेला संदर्भ लिहू नये, फक्त त्या संदर्भाचे चित्रपटाने पुढे काय केले तेवढे लिहावे. संवादांत शब्दखेळ इतका आहे की चांगली हिंदी जाणणारा एक तरी जण सोबत हवा, आणि सूत्रधाराची जबाबदारी या वेळी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी.