मराठी पुस्तकात चिनी अक्षरं घेण्याआधी

आमच्याकडे सांगलीत डीटीपीची कामं म्हणजे लग्नपत्रिका, बेदाण्याच्या बॉक्सवरचा मजकूर, सोसायट्यांचे अहवाल आणि वर्षाकाठी चार-पाच पुस्तकं. त्यातल्या एका पुस्तकात युआन श्वांग आला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात येऊन गेला, आणि ६४६ साली पुऱ्या झालेल्या प्रवासवर्णनात या मुलखाचं नाव त्याने चार चिनी अक्षरांत लिहिलं. उच्चार साधारण ‘मो-हो-ला-चा’, आणि पुढे ‘देश’ या अर्थाचं पाचवं अक्षर. लेखकांना ती अक्षरं जशीच्या तशी हवी होती. असं काम तुमच्या टेबलावर आलं, तर काय काय हाताशी ठेवायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी लेखकांना विचारा: चिनी, पण कोणती? १९५६ पासून चीनने सोपी केलेली अक्षरं रुजवली. तैवान आणि हाँगकाँगमध्ये पारंपरिक अक्षरंच चालू राहिली. ते ‘देश’चं अक्षर पारंपरिक वळणात ११ फटकाऱ्यांचं आहे, सोप्या वळणात ८ फटकाऱ्यांचं. बाहेरची चौकट तीच, आतला ऐवज वेगळा. सातव्या शतकातला उतारा असेल तर पारंपरिक घ्यावं असं माझं मत, पण लेखकांकडून ते लिहून घ्या. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतच मागा. मोबाइलवर काढलेला फोटो चालणार नाही, मात्र ताडून बघायला छापील पानाची प्रत जरूर मागून ठेवा.

फॉन्ट निवडताना थोडं थांबा, कारण चूक इथेच होते. युनिकोडने चीन, जपान आणि कोरियाच्या हजारो सामाईक अक्षरांना एकेकच क्रमांक दिला. क्रमांक एक, पण वळण देशागणिक थोडं वेगळं. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. ‘ल’ आणि ‘श’चं तेच आहे: हिंदी वळणाचा फॉन्ट लागला की पाकळीचा ल जातो, आणि मराठी वाचकाला पान परकं वाटतं. राज्य शासनाने २००९ साली त्यासाठी शासन निर्णय काढला, इतका तो आपल्या जिव्हाळ्याचा विषय. मग चिनी वाचकाच्या पानावर जपानी वळण का लादायचं? ॲडोबी आणि गुगलने मिळून केलेले नोटो सीजेके (चिनी-जपानी-कोरियन) फॉन्ट मोफत आहेत, छपाईला परवान्याची अडचण नाही. त्यांत देशवार वेगवेगळी नावं असतात. पारंपरिकसाठी शेवटी ‘टीसी’ असलेला सेरिफ (रेघांच्या टोकांना वळण असलेला) घ्या, सोप्यासाठी ‘एससी’. आम्ही पानं टेक्स या मोफत अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवर लावतो; त्याच्या टेक्स लाइव्ह या संचासोबत येणारे फँडॉल फॉन्ट सोप्या अक्षरांपुरते ठीक. पारंपरिक उताऱ्यात ते दगा देतात.

मराठी मजकूर श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात आला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये फिरवून, वाचून घ्या. मग टेक्स लाइव्ह पूर्ण टाका, फॉन्ट सिस्टिममध्ये बसवा आणि एफसी-लिस्ट या फॉन्टांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेने फॉन्टचं नाव जसं दिसेल तसंच फाइलीत लिहा. टेक्सचा युनिकोड आणि सिस्टिममधले फॉन्ट समजणारा प्रकार, झीलाटेक, वापरायचं. मराठीसाठी फॉन्टस्पेक या फॉन्ट निवडायच्या पॅकेजमध्ये लिपी देवनागरी आणि भाषा मराठी, दोन्ही सांगायची. चिनीसाठी झीसीजेके पॅकेज. चिनी अक्षर आलं की ते आपोआप फॉन्ट बदलतं. पण त्यात एक खोच आहे: वेलांटीदार अवतरणचिन्हांनाही ते चिनीच समजतं. मराठी संवादांच्या दोन्ही बाजूंना अचानक रुंद जागा दिसली तर कारण हेच. ती चिन्हं साध्या अक्षरांच्या वर्गात टाकायची आज्ञा पॅकेजमध्येच आहे. ती सुरुवातीलाच लिहून टाका.

फॉन्टमध्ये अक्षर नसलं तर टेक्स थांबत नाही, लॉगमध्ये एक ओळ लिहून पुढे जातं. पानावर कोरी जागा राहते. आमच्या पहिल्या प्रुफात अशीच एक जागा होती. मला वाटलं स्पेस जास्त पडली, म्हणून मी ती बंद केली आणि महाराष्ट्राच्या नावातलं एक अक्षर कमी झालं. लेखकांनी पकडलं म्हणून बरं. तेव्हापासून ट्रेसिंगलॉस्टकॅर्स या, न सापडलेल्या अक्षरांची खबर देणाऱ्या सेटिंगची किंमत ३ ठेवतो; टेक्स लाइव्ह २०२१ पासून त्याने सरळ एरर येते.

चिनी अक्षर पूर्ण चौकोन भरतं, त्यामुळे आपल्या अक्षराशेजारी ते थोराड दिसतं. नव्वद-ब्याण्णव टक्क्यांवर आणून बघा. तिरपं करू नका, चिनीत ती रीत नाही.

प्रुफाला भिंग हवं. त्या नावातल्या ‘ला’ अक्षराच्या डाव्या भागात मधोमध बंद चौकट आहे. तीच चौकट खालून उघडी राहिली तर ते ‘टोचणे’ अर्थाचं दुसरंच अक्षर होतं. डोळ्यांवर भरवसा नको: बरोबर अक्षराचा युनिकोड क्रमांक ५२४सी, चुकीच्याचा ५२३ए. क्रमांक फाइलीत शोधून खात्री करा.

पीडीएफ झाली की पीडीएफफॉन्ट्स ही आज्ञा चालवून सगळे फॉन्ट एम्बेड झालेत, म्हणजे फाइलीतच बसलेत का ते पाहा. फाइल आणि फॉन्ट दोन्ही एका पेनड्राइव्हवर घेऊन तो वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. कुपवाडच्या प्रेसला पीडीएफच द्या, उघडी फाइल नको. आणि प्लेट काढण्याआधी त्या एका पानाची प्रिंट मागवून ‘ला’ची चौकट पुन्हा भिंगाखाली धरा. बारीक टायपात तिथे शाई भरते.