कॅम्परच्या एसीसाठी जनरेटर घेताय? या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये दिवेआगर किंवा गुहागरला कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, उभी करायची म्हणजे उकाड्याशी गाठ. पारा फार चढत नाही, पण हवा इतकी दमट की एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यातच जाते आणि कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. मग जनरेटरची शोधाशोध सुरू होते. दुकानदार विचारतो, ‘एसी किती टनाचा?’ आपण म्हणतो, ‘एक.’ तो दोन केव्हीएचं (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचं माप) मशीन पुढे सरकवतो आणि आपण पैसे मोजतो.

टन हे थंडाव्याचं माप आहे, विजेचं नाही. एक टनाचा साधा विंडो एसी चालताना साधारण ११०० ते १२०० वॉट, म्हणजे ५-६ अँपिअर घेतो. एवढ्यावरच हिशेब केला तर दोन केव्हीए भरपूर वाटतात. घोडं अडतं ते कॉम्प्रेसर सुरू होताना. त्या क्षणी तो एरवी चालताना घेतो त्याच्या चार ते सहा पट करंट ओढतो. घरच्या लाइनला हा झटका जाणवतही नाही, कारण मागे ट्रान्सफॉर्मर असतो. लहान जनरेटरच्या मागे मात्र एक छोटं इंजिन, बस. ते दबतं, ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो आणि एसीचा नुसता पंखा फिरत राहतो.

त्यात खोक्यावरचे आकडे फसवे असतात. मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा ‘मॅक्स’ असतो, जो मशीन थोडाच वेळ देऊ शकतं. आपल्याला हवा तो ‘रेटेड’, आणि तोही वॉटमध्ये. पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, ०.८ धरला तर २ केव्हीए म्हणजे १६०० वॉटच. शिवाय घाट चढलात की इंजिनाचा दम कमी होतो, दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के. किनाऱ्यावर याचा त्रास नाही, पण आंबोलीला, सुमारे ६९० मीटरवर, आठेक टक्के ताकद गेलेली असते.

माझं मत विचाराल तर साध्या एक टनी एसीसाठी ३ केव्हीएच्या खाली जाऊ नका. पण त्याहून शहाणा मार्ग म्हणजे एसीच बदलणं. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, झटका देत नाही; तिथे दोन केव्हीएचा चांगला इन्व्हर्टर जनरेटर चालून जातो. एसी बदलायचा नसेल तर जाणकाराकडून सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचा झटका कमी करणारं उपकरण, बसवून घ्या. उलट, भीतीपोटी ५ केव्हीएचं धूड घेणंही चूकच. ते गाडीतून उतरवायलाच दोन माणसं लागतात आणि कमी लोडवर पेट्रोल मात्र पीतच राहतं.

अमेरिकन व्हिडिओ पाहून खरेदी करणाऱ्यांनी जरा थांबावं. तिकडच्या आरव्हीच्या, म्हणजे मोठ्या कॅम्परच्या, टपावर साधारण १३,५०० बीटीयूचा एसी असतो, म्हणजे आपल्या सव्वा टनाच्या आत-बाहेर. पण तो ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालतो, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. त्यांचे अँपिअरचे तक्ते इथे लागू पडत नाहीत. नातेवाइकाने तिकडून आणलेला जनरेटर तर इथल्या एसीला जोडूच नका.

मशीन पुरेसं मोठं असूनही लोड घेत नसेल, तर आधी इको मोड, म्हणजे पेट्रोल वाचवायची सेटिंग, बंद करा. इको मोडवर इंजिन मंद चालतं आणि कॉम्प्रेसरचा झटका आला की त्याला वेग घ्यायला वेळच मिळत नाही. दुसरं, एसी बंद करून लगेच पुन्हा चालू केला का? आतल्या गॅसचा दाब समसमान व्हायला तीन-चार मिनिटं द्या. इंडक्शन, किटली, बॅटरी चार्जर आधी काढा, एसी सुरू झाल्यावर एकेक जोडा. हे सगळं करूनही तोच प्रकार, तर एसीचा कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायला मदत करणारा भाग, तपासून घ्या.

आणि वायर! दीड स्क्वेअर एमएमची तीस मीटर वायर चालू लोडला जेमतेम चार-पाच व्होल्ट खाते, म्हणून कोणी तिच्यावर संशय घेत नाही. पण सुरू होतानाच्या तीस अँपिअरला तीच वायर वीसेक व्होल्ट गिळते, नेमकी नको त्या वेळी. अडीचची घ्या, आणि गुंडाळी पूर्ण सोडून पसरा, नाहीतर ती तापते.

मशीन मध्येच, काही कारण नसताना बंद पडतंय? पुळणीवर ठेवलं असेल तर एक पाय वाळूत रुतून ते कललं असणार. ऑइल एका बाजूला जातं आणि लो-ऑइल सेन्सर इंजिन थांबवतो. खाली फळी टाका. वाळू एअर फिल्टरमध्ये जायचीही त्याने कमी होते.

आता जिवाची गोष्ट. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. मशीन गाडीपासून किमान वीस फूट लांब, धुराचं तोंड पलीकडे. डिकीत किंवा मागच्या कॅरिअरवर चालवू नका. किनाऱ्यावर आणखी एक मेख आहे. दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात, तेव्हा संध्याकाळी सगळे जण मशीन गाडीच्या जमिनीकडच्या बाजूला ठेवतात, म्हणजे धूर लांब जातो. पण रात्री वारा फिरतो, मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे येतात आणि तोच धूर झोपलेल्या माणसांच्या गाडीवर येतो. खिडक्या बंद आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. एसीच्या बाजूच्या फटी असतातच. झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. एकाच वेळी सगळ्यांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर ते जेवणामुळे समजू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा.

रात्रभर चालवायचा विचारच मुळात कितपत बरा, हाही प्रश्न आहे. एका लिटरमध्ये लहान मशीन एक ते दीड युनिट देतं. एसीला आठ तासांत सात-आठ युनिट लागली तर सहा-सात लिटर पेट्रोल सहज जातं. एवढ्यात एखाद्या रिसॉर्टच्या आवारात गाडी लावून त्यांची वीज घेणं परवडतं. शेजाऱ्यांचंही बघायला हवं. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि ती कोणताही पोर्टेबल जनरेटर जवळून पाळत नाही. वेळास, आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर, विशेषतः नोव्हेंबर ते मार्चमध्ये मादी अंडी घालायला येते तेव्हा, मशीन आणि झगझगीत दिवे वाळूपासून लांबच हवेत.

फेरीबोटीत, दाभोळ-धोपावे असो की जयगड-तवसाळ, चढण्याआधी फ्युएल कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, बंद करा. पेट्रोल भरायचं ते इंजिन थंड झाल्यावर.

कोकणातल्या खाऱ्या हवेत टर्मिनल आणि सॉकेट लवकर हिरवे पडतात, म्हणून परतल्यावर ओल्या फडक्याने पुसून, वाळवून ठेवा. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा आणि कॉक बंद ठेवून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी शोषतं. ते तसंच राहिलं तर गणपतीला गाडी काढाल तेव्हा दोरी ओढून हात भरून येतील आणि इंजिन मात्र सुरू होणार नाही.