एकच द्राक्ष, दोन खंड: ऑस्ट्रेलियन आणि युरोपीय रेड वाइनची तुलना करताना या चुका टाळा

फेब्रुवारीत आमच्या अ‍ॅडलेडच्या घरी आठ जणांनी मिळून दोन बाटल्या समोरासमोर ठेवल्या. एक बरोसाची शिराझ, घरापासून गाडीने तासाभरावर पिकलेली. दुसरी फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली क्रोझ-एर्मिताज. द्राक्ष तेच (तिकडे त्याला सिरा म्हणतात), किंमतही जवळपास तीच. निकाल लागला सहा विरुद्ध दोन. वहिनी म्हणाल्या, "ही पिकलेलं जांभूळ, ती कच्चं करवंद." युरोपचं म्हणजे नाव मोठं लक्षण खोटं, असं एकमताने ठरवून मंडळी जेवायला बसली.

आवराआवर करताना फ्रेंच बाटलीतली तळाशी उरलेली वाइन सहज तोंडाला लावली, तर ती भलतीच निघाली. काळी मिरी, जांभळ्या फुलांचा मंद वास, मागे थोडा धूर. ती फ्रिजमधून थेट पेल्यात ओतली होती, तासाभरात ऊब धरून आता कुठे उघडली होती. आणि जिंकलेली शिराझ? ती दुपारपासून ओट्यावर उभी होती, बाहेर पारा 38 वर. आता तिचा नुसता स्पिरिटचा भपका नाकात जात होता. आम्ही फ्रान्स विरुद्ध ऑस्ट्रेलिया असा सामना लावला, असं वाटत होतं. प्रत्यक्षात फ्रिज विरुद्ध ओटा असा झाला होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. अशा तुलनेत जीभ क्वचितच चुकते, चुकते ती मांडणी.

आधी थर्मामीटर, मग पेला

फ्रिजमधली 5-6 अंशांची रेड वाइन सुवास मिटून बसते आणि तिचा तुरटपणा, आंबटपणा तेवढा टोचत राहतो. मूळची सडपातळ वाइन त्यात जास्त मार खाते. उलट 26-27 अंशांना अल्कोहोल आधी पुढे येतं. बरोसाच्या शिराझमध्ये ते 14.5 ते 15 टक्के सहज असतं, उत्तर ऱ्होनच्या बाटल्यांवर बहुधा 12.5 ते 13.5 छापलेलं दिसतं. त्यामुळे उष्णतेचा फटका दोघींना सारखा बसत नाही. दोन्ही बाटल्या 16 ते 18 अंशांवर आणा. "रूम टेंपरेचरला प्यायची" हे जे सगळे सांगतात, ती रूम युरोपातल्या दगडी घराची, पुण्यातली एप्रिलची नव्हे. आमच्याकडे दह्याच्या विरजणासाठी घेतलेला थर्मामीटर आता या कामालाही लागतो. उन्हाळ्यात ओट्यावरची बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये, आणि फ्रिजातली तेवढाच वेळ बाहेर, असा ढोबळ हिशेब. शेवटी थर्मामीटर सांगेल ते खरं.

हलकी आधी, दणकट नंतर. उलट केलं तर दुसरीवर अन्याय होतोच. आणि चकणा बाजूला ठेवा. झणझणीत चिवड्यानंतर जास्त अल्कोहोलची वाइन घशात पेटते, तर खाऱ्या दाण्यांनंतर तुरट वाइनसुद्धा मवाळ लागते. म्हणजे बशीत काय आहे यावर मतं फिरतात. चव घेऊन मतं कागदावर उतरवली की मग खुशाल तांबडा रस्सा येऊ द्या.

देशाशी देश जोडू नका

ही सर्वांत मोठी चूक, आणि फेब्रुवारीत मी तीही केली होती. उत्तर ऱ्होनमधला एर्मिताज आणि क्रोझचा परिसर 45 अंश उत्तर अक्षांशावर, बरोसा साधारण 34.5 अंश दक्षिणेला. बरोसाच्या खोऱ्यात उन्हाळा कोरडा आणि कडक. तिथे द्राक्ष भरभरून पिकतं, साल जाड आणि काळी, रसात साखर भरपूर. या दोघींना शेजारी ठेवून "ऑस्ट्रेलियन शिराझ अशी आणि फ्रेंच सिरा तशी" म्हणणं म्हणजे रत्नागिरीचा हापूस आणि उत्तरेतला दशहरी चाखून कोकणी माणसाच्या स्वभावावर बोलणं.

शिराझ आणि सिरा ही वेगळी द्राक्षं नाहीत. इराणच्या शिराझ शहरातून हे द्राक्ष आलं, ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण 1990 च्या दशकाअखेर झालेल्या डीएनए तपासणीत आईबाप सापडले ते आग्नेय फ्रान्समधले: द्युरेझा आणि माँद्यूझ ब्लांश. ऑस्ट्रेलियात त्याच्या काड्या आल्या त्याही युरोपातून. जेम्स बझबीने 1831 मध्ये फ्रान्स-स्पेन फिरून वेलींच्या काड्या गोळा केल्या आणि पुढच्या वर्षी सिडनीत आणल्या, त्यांत हे द्राक्ष होतं. आजकाल थंड भागातले ऑस्ट्रेलियन उत्पादक लेबलवर मुद्दाम "सिरा" लिहितात. तो हलक्या, मिरमिरीत शैलीचा इशारा असतो, कायद्याची व्याख्या नव्हे. नाशिकच्या बाटल्यांवर शिराझ लिहितात, म्हणून ती बरोसासारखी लागेल असंही समजू नका.

मग जोडी कशी लावायची? हवामान आणि पद्धत बघून. व्हिक्टोरियातल्या ग्रॅम्पियन्सची शिराझ, यारा व्हॅलीची सिरा किंवा कॅनबेराजवळच्या मरंबेटमनची शिराझ ही उत्तर ऱ्होनसमोर ठेवायला योग्य. मरंबेटमनच्या क्लोनाकिला या वाइनरीने तर उत्तर ऱ्होनच्या कोट-रोटीचा कित्ता उघडपणे गिरवला. तिथे सिराबरोबर थोडं व्हियोनिए हे पांढरं द्राक्ष एकत्रच आंबवतात. कोट-रोटीच्या नियमात ते 20 टक्क्यांपर्यंत चालतं. आणि बरोसासाठी युरोपात जोड शोधायचीच असेल, तर शिराझ सोडून ग्रेनाश हे द्राक्ष घ्या. बरोसा किंवा मॅक्लारेन व्हेलची ग्रेनाश एका बाजूला, दुसऱ्या बाजूला दक्षिण ऱ्होनची शातोनफ-द्यु-पाप, नाहीतर स्पेनची प्रियोरात. तिन्हीकडे ऊन आहे, तिन्हीकडे अल्कोहोल चढं. त्यामुळे जो फरक जाणवतो, तो जमिनीचा आणि हाताचा असण्याची शक्यता जास्त.

कॅबर्ने या दुसऱ्या काळ्या द्राक्षाच्या बाबतीत वेगळीच गफलत होते. दुकानात "बोर्डो" (फ्रान्समधला वाइनचा प्रदेश) म्हणून मिळणारी स्वस्त बाटली घेऊन ती दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूनावाराच्या कॅबर्नेसमोर ठेवतात. पण बोर्डोत सर्वांत जास्त लागवड मेर्लो या द्राक्षाची आहे, आणि साध्या बोर्डोत बहुधा तीच जास्त असते. कॅबर्नेचा जोर हवा असेल तर नदीच्या डाव्या काठावरचं पोयाक, सेंट-जुलियां, मार्गो असं गावाचं नाव लेबलवर शोधा. तिथेही थोडी मेर्लो मिसळलेली असतेच. ऑस्ट्रेलियात लेबलवर एकच द्राक्ष लिहायचं तर ते किमान 85 टक्के लागतं. म्हणून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मार्गारेट रिव्हरची कॅबर्ने-मेर्लो ही पोयाकसमोर एकट्या कॅबर्नेपेक्षा न्याय्य जोडी ठरते.

पिंपाचा वास द्राक्षाच्या खात्यावर मांडू नका

"ऑस्ट्रेलियन वाइनला खोबरं-व्हॅनिलाचा वास येतो" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही. तो वास अमेरिकन ओकच्या नव्या पिंपाचा. स्पेनच्या रियोहातही तोच सापडेल. पेनफोल्ड्स कंपनीच्या ग्रेंज या नामांकित ऑस्ट्रेलियन वाइनची गोष्ट इथे कामाची आहे. तिथला वाइनमेकर मॅक्स शुबर्ट 1950 मध्ये बोर्डोला जाऊन आला, दीर्घकाळ टिकणाऱ्या वाइनची पद्धत बघून आला आणि 1951 मध्ये पहिला प्रयोग केला. पण कॅबर्नेचा तुटवडा, म्हणून द्राक्ष घेतलं शिराझ आणि पिंपं अमेरिकन ओकची. 1957 मध्ये वरिष्ठांनी हे थांबवायला सांगितलं, तर पठ्ठ्याने तीन वर्षं चोरून केली. लेबलवर मात्र 1989 च्या हंगामापर्यंत "ग्रेंज एर्मिताज" असंच लिहिलेलं असायचं. साहजिकच लोक ती फ्रान्सच्या एर्मिताजशी जोडतात. नाव ऱ्होनचं, डोकं बोर्डोचं, लाकूड अमेरिकेचं, आणि माल दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या निरनिराळ्या भागांतून जमवलेला. कशाची तुलना कशाशी करणार?

नाकाच्या तक्रारी

कूनावाराच्या कॅबर्नेत पुदिना-निलगिरी येतो म्हणून ती "औषधी" ठरवू नका. मळ्याशेजारी निलगिरीची झाडं असतील तर त्यांच्या पानांतलं तेल, कधी तर पानंच, तोडणीच्या वेळी द्राक्षांबरोबर येतात.

फ्रेंच सिरात मिरी शोधूनही सापडत नसेल, तर वाइनचा दोष नसेलही. मिऱ्याचा वास देणारं रोटनडोन हे द्रव्य अ‍ॅडलेडच्याच ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने शिराझमध्ये ओळखलं, 2008 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. पाचातल्या सुमारे एका माणसाला तो वास येतच नाही. आमच्या आठांत तसे दोघं निघाले, आणि दोघांचंही मत शिराझला पडलं होतं.

युरोपीय बाटलीला ओल्या गोणपाटाचा, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ते बिघडलेलं बूच. कितीही हवा द्या, जात नाही. ती बाटली बाद धरा, युरोपचा पराभव म्हणून नोंदवू नका. फिरकीच्या झाकणाच्या ऑस्ट्रेलियन बाटलीला काडेपेटीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास येतो कधीकधी, तो मात्र हवेने उडतो. नाही उडाला तर तांब्याची स्वच्छ पळी पेल्यात फिरवून बघा, बऱ्याचदा जातो. (देवघरातली नको, मी तुळशीबागेतून वेगळी आणली.) तबेल्याचा वास म्हणजे ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टची करामत. त्याला "युरोपची माती" म्हणून डोक्यावर घेणारे पुष्कळ भेटतात, मला तो दोषच वाटतो.

साल, वय आणि किंमत

दोन्ही बाटल्यांवर 2021 असेल तरी ऑस्ट्रेलियाची तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलमधली आणि युरोपची सप्टेंबर-ऑक्टोबरची. निम्मं वर्ष तिथेच गेलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या साली पाऊसपाणी काय होतं. 2021 च्या एप्रिलमध्ये फ्रान्सला दंवाने झोडपलं, पुढे हंगामही थंडच गेला. 2011 मध्ये आग्नेय ऑस्ट्रेलियात पावसाने कहर केला होता, आणि 2003 ला युरोप भाजून निघाला होता. 2003 ची ऱ्होन आणि 2011 ची व्हिक्टोरिया घेतली तर सगळे ठोकताळे उलटेपालटे होतील.

"नवा देश, कोवळे वेल" हाही गैरसमज सोडा. फिलॉक्सेरा किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपचे मळे उद्ध्वस्त केले. दक्षिण ऑस्ट्रेलियात ती कधी पोचलीच नाही. बरोसात 1843 साली लावलेले शिराझचे वेल आजही फळ देतात. ऱ्होनमधल्या बहुतेक मळ्यांपेक्षा ते वयाने मोठे.

महाराष्ट्रात बसून तुलना करणाऱ्यांनी किमतीवर भिस्त ठेवू नये. 29 डिसेंबर 2022 पासून भारत-ऑस्ट्रेलिया करार लागू झाला आणि तिथल्या वाइनवरची 150 टक्के जकात उतरू लागली. 5 अमेरिकन डॉलरच्या वरच्या बाटलीला 100 टक्के, 15 डॉलरच्या वर 75, आणि पुढे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने आणखी कमी. युरोपीय वाइनला तेव्हा अशी सवलत नव्हती. त्यामुळे एकाच किमतीच्या दोन बाटल्या मूळ गावी एकाच तोलाच्या असतीलच असं नाही. शक्य असेल तर त्या त्या देशातला भाव बघून जोडी लावा.

डोळे बांधून करायची तर नुसती कागदी पिशवी पुरत नाही. बोर्डोच्या बाटलीला चौकोनी खांदे, ऱ्होनच्या बाटलीला उतरते, पिशवीतूनही ओळखू येतात. त्यात एकीचं बूच निघताना आवाज होतो आणि दुसरीचं झाकण कट्कन फिरतं. दुसऱ्या कोणाकडून दोन सारख्या जगमध्ये ओतून घ्या, तळाला चिकटपट्टीवर खूण करा.

गेल्या महिन्यात पुन्हा बसलो. मरंबेटमनची शिराझ आणि ऱ्होनची सेंट-जोसेफ, दोन्ही 17 अंशांवर, दोन्ही स्टीलच्या जगमधून. मतं चार विरुद्ध चार. वहिनींनी जी छातीठोकपणे फ्रेंच म्हणून सांगितली ती मरंबेटमनची निघाली. त्यांनी बाटली उजेडात धरून लेबल दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग करवंद कुठंय?"