घाटावरचा जुना कॅम्पर घेताय? आधी त्यावर पाणी मारा

पुण्या-मुंबईहून दापोली, गुहागर, मालवणला कायमचं राहायला आलेल्या आपल्या मंडळींची एक खोड आहे. जयपूरला नाहीतर बंगळुरूला जुना कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी दिसली, फोटोतले पडदे-गाद्या आवडल्या, की रात्रीतून विसार पाठवून मोकळे. विसार द्यायचा तो तिथल्या मेकॅनिकने गाडी तपासून दिलेला अहवाल हातात आल्यावरच.

विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको. गाव तेच, पण माणूस तुम्ही शोधलेला आणि पैसेही तुम्हीच दिलेले. खरं तर दोघे लागतात: गाडी फोर्सची ट्रॅव्हलर असेल तर ट्रॅव्हलरच रोज उघडणारा एक, आणि बसची बॉडी बांधणारा दुसरा. इंजिनवाला छताकडे बघत नाही, आणि इथे गाडी मरते ती छतावरूनच.

कोरड्या मुलखात वर्षानुवर्षं उन्हात उभ्या गाडीचं सीलंट (जोड बुजवणारा मसाला) कडक होऊन भेगाळतं. पाऊस बेताचा, त्यामुळे गळती मालकालाही ठाऊक नसते. ती कळते आपल्याकडे, जूनमध्ये. म्हणून बागेच्या साध्या नळीने पाणी मारायला लावा. प्रेशर वॉशर नको, तो चांगल्या जोडातूनही पाणी घुसवतो. सुरुवात खिडकीच्या खालच्या कडेपासून, मग वर, शेवटी छतावरची झडप, सोलर पॅनेलचे स्क्रू, कोपऱ्याच्या पट्ट्या. प्रत्येक जागी दहा मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते सापडत नाही. दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. मग कपाटं रिकामी करून मागचं प्लायवूड अंगठ्याने दाबायचं. दबलं तर कुजलंय. एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला तर पहिला अंगठा तिथे. ‘जुना डाग आहे हो, आता गळत नाही’ याला उत्तर एकच: नळी.

इंजिन थंड असताना सुरू करायचं, आधी बॉनेटवर हात ठेवून. टायरच्या कडेवर 3219 म्हणजे 2019चा 32वा आठवडा. चार्जर काढून काही तास ठेवलेली 12 व्होल्टची लेड बॅटरी 12.6च्या आसपास हवी, 12.0 म्हणजे जवळपास रिकामी. पाण्याची टाकी भरून सगळे नळ बंद करा. तरी पंप मधूनच घुरघुरला, तर कुठेतरी गळतंय. गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी. चासीचा आणि पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) खालून, न तोडता काढलेला व्हिडिओ मागवा. पाण्याच्या भरल्या टाकीनिशी चढा-उतारावर चालवून बघायला सांगा, पुढे घाट उतरूनच यायचंय.

आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा. आत खाट-शेगडी आणि आरसीवर साधी प्रवासी व्हॅन असेल, तर तो बदल नोंदवून घेण्याचं काम तुमच्या गळ्यात पडेल. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28चा ना हरकत दाखला, कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म 35.

इथला गॅरेजवाला तोंडावर विचारतो, ‘कशाला घेतलात ही?’ अहवालाचे फोटो त्याला पैसे देण्याआधीच दाखवा.