मालगाडी बघायची तर डबे बघा

प्रवासी गाडी बघणं सोपं. वेळ बघायची, पाच मिनिटं आधी पोचायचं, गाडी आली की बघायची आणि निघायचं. मालगाडीची नेमकी वेळ बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही, आणि कळलीच तरी ती पाळली जाईल याचा भरवसा नसतो. तेव्हा अमुक एक गाडी बघायचीच, असा हट्ट धरून जाऊ नका. येईल ती आपली.

मी दुपार पसंत करते, त्याला कारण आहे. वर्दळीच्या मार्गावर सकाळ-संध्याकाळ प्रवासी गाड्यांचा मान आधी असतो. मालगाड्यांना तोवर लूपमध्ये, म्हणजे मुख्य रुळाला लागून असलेल्या बाजूच्या रुळावर, उभं करून ठेवतात. सकाळची गर्दी ओसरली की त्या सुटायला लागतात, आणि सुटतात त्या झुंडीनं. तासभर रूळ मोकळे आणि मग एकीमागून एक तीन गाड्या, हे नेहमीचंच. पहिला तास कोरडा गेला म्हणून बस्तान हलवू नका.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा: जंक्शन, यार्डाचं (डबे जोडून गाड्या तयार करतात त्या जागेचं) तोंड, नाहीतर चढ. चढावर लांब गाडीचा वेग पडतो, इंजिनं जोर लावतात, आणि प्रत्येक डबा नीट वाचायला वेळ मिळतो. कॅलिफोर्नियातल्या तेहाचापीला 1876 मध्ये चढ सौम्य करण्यासाठी रूळ गोल फिरवून स्वतःच्याच वरून नेले. हा वेढा साधारण 1.2 किलोमीटरचा आहे. त्याहून लांब गाडी आली की तिचं इंजिन वरून जात असतं आणि शेपूट खालून. काही ठिकाणी तर बघणाऱ्यांची सोयच केलेली असते. इलिनॉयमधल्या रोशेलला दोन मोठे मालवाहू मार्ग एकमेकांना छेदतात, तिथे त्यासाठी खास पार्क आहे. नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅटला बेली यार्डावर मनोरा आहे. आपल्या नशिबी असं काही नसेल, तर रुळांवरून जाणारा सार्वजनिक पूल गाठा. फाटकापेक्षा मला पूल कितीतरी बरा वाटतो, कारण वरून डब्याच्या आत काय आहे ते दिसतं.

आणि आत बघण्यासारखं असतं. लोहखनिजाची भरलेली गाडी पहिल्यांदा वरून बघणाऱ्याला वाटतं, अर्धी रिकामीच धावतेय. तळाशी ढीग, वर नुसता पत्रा. खनिज इतकं जड असतं की डबा भरायच्या आत वजनाची मर्यादा गाठली जाते. कोळसा त्या मानानं हलका, म्हणून तो काठोकाठ. एकाच जातीच्या डब्यात दोन माल दोन उंचीला दिसले, की कुठला जड ते कुणाला विचारावं लागत नाही.

सुरक्षेचं एकदाच सांगते. रेल्वेच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही. कुंपणाबाहेर किंवा सार्वजनिक जागीच उभं राहायचं. भरल्या मालगाडीला थांबायला एक किलोमीटरहून जास्त अंतर लागू शकतं, म्हणजे चालकानं तुम्हाला बघितलं तरी तो काही करू शकत नाही. एक गाडी गेली की लगेच ओलांडू नका, तिच्या आडून दुसऱ्या रुळावर दुसरी येत असते. वर तारा असतील तर पुलावरून सेल्फी स्टिक बाहेर काढायची नाही. 25,000 व्होल्टची वीज धरायला तारेला हात लागावा लागत नाही.

गाडी येतेय हे कसं ओळखायचं? आधी सिग्नल. स्वयंचलित सिग्नलच्या मार्गावर गाडी गेली की तिच्यामागचा सिग्नल लाल होतो आणि ती पुढे सरकेल तसा पिवळा, मग हिरवा होत जातो. दोन्ही दिशांचे सिग्नल दिसतील अशी जागा धरली, तर नुकती कोण गेली आणि आता कुठून येणार याचा अंदाज बांधता येतो. काही मार्गांवर सिग्नल एरवी विझलेले असतात आणि गाडी जवळ आली की पेटतात. तिथे दिवा लागला की वही उघडायची. कानावर फार विसंबू नका, वारा उलटा असला तर विजेवरची गाडी अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही.

गाडी आल्यावर मात्र कान उघडे ठेवा. रिकामे डबे खडखडतात, भरलेले घुमतात. मध्येच एखादं चाक ठरावीक लयीत धपधप करत गेलं, तर ते एका बाजूला सपाट झालेलं असतं. ब्रेक लागून चाक फिरायचं थांबलं आणि रुळावर घासत गेलं की असं होतं. लूपमध्ये थांबलेली गाडी निघताना ऐकायलाच हवी. डबे एकमेकांना जोडणाऱ्या कपलिंगांमध्ये थोडी ढिलाई असते, त्यामुळे पहिला डबा ओढला गेला की खटका मागे मागे सरकत जातो.

माझा भाचा इंजिनांचा वेडा. इंजिन गेलं की तो मोबाईलमध्ये डोकं घालतो, आणि खरी गंमत तर तिथून सुरू होते! सगळे डबे एकाच जातीचे असतील, तर एकच माल एका ठिकाणाहून दुसरीकडे चाललाय. सरमिसळ असेल, तर गाडी यार्डात जोडून निघालीय. टँकरवर नारिंगी पाटी असेल, तर खालचा आकडा पदार्थाचा: 1203 म्हणजे पेट्रोल. भारतीय वाघिणीवर, म्हणजे मालडब्यावर, अकरा आकडे असतात, त्यातला पाचवा आणि सहावा तिच्या बांधणीचं वर्ष सांगतो. कंटेनरवर चार अक्षरं असतात, पहिली तीन मालकाची. त्याखाली 22जी1 असेल तर तो वीस फुटी, 45जी1 असेल तर चाळीस फुटी आणि उंच.

याच चाळीस फुटी कंटेनरवरून वेग काढता येतो. मधली फट धरून एकाची लांबी साधारण 13 मीटर पकडा. दहा कंटेनर समोरून जायला दहा सेकंद लागले तर वेग ताशी सुमारे 47 किलोमीटर, पाच सेकंद लागले तर त्याच्या दुप्पट.

डबे मोजताना दहा झाले की एक बोट मिटायचं. मध्ये कुणी बोललं तरी बोटं विसरत नाहीत. 21 जून 2001 रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियात लोहखनिजाची 682 डब्यांची, सात किलोमीटरहून लांब गाडी धावली होती. तिथे ही रीत कोलमडली असती, पण रोजच्या गाड्यांना पुरते.

वहीत माझे पाच रकाने असतात: वेळ, दिशा, इंजिनाचा क्रमांक, डबे, भरलेले की रिकामे. शेवटचा सगळ्यात कामाचा. काही दुपारींच्या नोंदी झाल्या की माल कुठून निघतो आणि रिकामे डबे कुठे परततात ते आपोआप दिसायला लागतं. शाईचं पेन नको, पेन्सिल न्या. पहिल्याच सरीत शाई फुटते.

फोटो काढायचे असतील तर ऊन पाठीशी हवं. उत्तर-दक्षिण मार्गावर दुपारनंतर पश्चिमेच्या बाजूला उभं राहा. डोक्यावरच्या उन्हात डब्यांच्या बाजू काळपट येतात आणि आकडे वाचता येत नाहीत, म्हणून पहिले दोन तास वहीला द्यायचे आणि कॅमेरा ऊन तिरकं झाल्यावर काढायचा. धावती गाडी टिपायला शटर 1/500 सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. मोबाईल असेल तर सरळ व्हिडिओ घ्या. डबे घरी बसून पुन्हा मोजता येतात.