शिकारी रायफलच्या दस्त्याला चीकपीस हवं का? घरच्या घरी असं तपासा

रायफल घेताना तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, चीकपीस असलेला घ्यावा की साधा, यावर शिकारी लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते वादाचा विषयच चुकतो. चीकपीस म्हणजे दस्त्याच्या बाजूला, गाल लागतो तिथे, कोरून काढलेला फुगवटा. तो गालाला बाजूने टेकू देतो. डोळा किती उंचीवर येणार, हे मात्र दस्त्याच्या वरच्या कडेवर ठरतं. आधी ती कड तपासायची, फुगवट्याचं नंतर बघू.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे लिखाण जर्मनी-अमेरिकेत राहून रीतसर परवाना काढलेल्या मंडळींसाठी.

जुन्या जर्मन माउझर रायफलींचे दस्ते मागे बरेच उतरते असत. नेम माशीवरून, म्हणजे नळीच्या टोकावरच्या बारीक उंचवट्यावरून धरायचा, आणि माशी नळीला जवळजवळ चिकटलेली; गाल खाली गेला की काम झालं. पुढे रायफलवर बसवायची दुर्बीण आली आणि नजरेची रेषा वर सरकली. जर्मनीत रानडुकरासाठी संधिप्रकाशात मचाणावर बसणारे 56 मिलिमीटर काचेची दुर्बीण पसंत करतात. नुसत्या काचेचाच अर्धा व्यास 28 मिलिमीटर, त्यात दुर्बिणीच्या कवचाची आणि रायफलच्या नळीची जाडी धरा; डोळा तेवढा वर न्यावा लागतो. अशी दुर्बीण जुन्या उतरत्या दस्त्यावर बसवली की गाल अधांतरी राहतो आणि माणूस हनुवटी टेकवून नेम धरतो.

तपासणी सुरू करण्यापूर्वी मॅगझिन काढा, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) उघडा आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. शिकारीला जे जाड जॅकेट घालणार तेच अंगात घाला, कारण शर्टावर नीट बसणारी रायफल जॅकेटवर वेगळीच बसते.

आता सुरक्षित दिशेला तोंड करून उभे राहा आणि दूरची एखादी खूण हेरा. डोळे मिटा. रायफल खांद्याला लावा, गाल सहज जिथे टेकेल तिथे टेकू द्या, मग डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल उजळ दिसला तर दस्ता तुमच्या मापाचा आहे. त्यावर पैसे घालवू नका. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर मान न ताठवता डोकं हळूच हलवून बघा. वर उचलल्यावर चित्र पूर्ण झालं तर कड कमी उंच आहे. गाल दाबावा लागला तर ती जास्त उंच आहे, आणि अशा दस्त्यावर चीकपीस चढवणं म्हणजे दुखणं वाढवणं. पाच-सहा वेळा करा. पहिल्या दोन वेळा आपण नकळत स्वतःला फसवतो.

कड कमी पडत असेल तर लगेच सुतारकामाला हात घालू नका. पातळ फोमचे तुकडे एकेक करून कडेवर ठेवा आणि वरून क्रेप बँडेज गुंडाळा. चिकटपट्टी थेट लाकडावर नको. तेलाची झिलई तिच्याबरोबर निघून येते. दर थराला डोळे मिटून तीच चाचणी घ्या. चित्र जमलं की थरांची जाडी मोजा, तेवढीच उंची तुम्हाला हवी आहे. मग बोल्ट पूर्ण मागे ओढून बघा. बऱ्याच रायफलींत उंच केलेली कड बोल्टच्या वाटेत येते आणि तो बाहेर काढता येत नाही, म्हणजे नळी साफ करायची पंचाईत. तसं झालं तर आधार थोडा मागे सरकवा.

कायमच्या उपायासाठी पट्ट्याने बांधायचा आधार सर्वांत स्वस्त. पावसात भिजल्यावर तो काढून वाळवा, नाहीतर खाली लाकडावर डाग पडतो. वरखाली होणारी कड असलेला दस्ता महाग आणि जरा जड. ऑलिंपिकच्या नेमबाजीत तो सर्रास दिसतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने 2024 साली पॅरिसमध्ये ज्या 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात गुडघ्यावर, पालथं आणि उभं अशा तिन्ही स्थितींत मानेचा कोन बदलतो. शिकाऱ्याला एवढी यंत्रणा क्वचितच लागते.

राहिला गोळी झाडल्यावर बसणारा धक्का. कड मागच्या बाजूला उतरती असेल तर रायफल मागे येताना तिचा उंच भाग गालाखाली सरकतो आणि गालफडावर बसतो. रॉय वेदरबीने 1945 साली कॅलिफोर्नियात रायफलींची कंपनी काढली. तिच्या ओळखीच्या दस्त्यांची कड उलट पुढे उतरती असते, त्यामुळे धक्क्याच्या वेळी ती गालापासून दूर जाते. जोरकस काडतूस वापरणाऱ्याने हा उतार फुगवट्याच्या आधी बघावा.

मग तो फुगवटा कुणाला लागतो? अरुंद चेहऱ्याच्या माणसाला, ज्याचा डोळा दुर्बिणीच्या मध्यावर येण्याऐवजी आत, नळीच्या पलीकडे जातो, त्याला बाजूचा टेकू खरोखर उपयोगी पडतो. बाकीच्यांसाठी ती बहुतांशी शोभा, आणि सुंदर अक्रोडाच्या दस्त्यावर शोभेलाही माझी हरकत नाही. फक्त डावखुऱ्यांनी सेकंडहँड रायफल घेताना बघून घ्यावं: फुगवटा सहसा डाव्या बाजूला, उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्यासाठी काढलेला असतो.